गंजाची चादर

पितृपक्षात आमच्या दुकानात माशीसुद्धा विचार करून येते. दुकान बडोद्यात, सयाजीगंजात, स्टेशनच्या अंगाला. तळाला साड्या, पहिल्या मजल्यावर पुरुषांचे कपडे, दुसऱ्यावर चादरी, पडदे आणि गाद्या, तिसऱ्यावर भांडी. दुसऱ्या मजल्याचा इन-चार्ज मी. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, असं घरात सांगतात. मी सव्वीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर चादरींच्या घड्या मोडतो आणि ते गेले की परत घालतो. घराणं कुठून कुठे आलं हे ज्याला बघायचं असेल त्याने वर यावं, लिफ्ट चालू असते.

तर ह्या पंधरा दिवसांत नवीन वस्तू घ्यायची नाही, हा नियम गुजराती घरांत आणि मराठी घरांत सारखाच कडक. म्हणून शेठ दरवर्षी हे दिवस रजा, रंगकाम आणि डागी माल काढणं ह्यांत घालवतात. डागी माल म्हणजे काय, तर कापडाच्या गाठींना लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात. पावसाळ्यात गोदामाला ओल येते, पट्ट्या गंजतात आणि वरच्या दोन-चार चादरींवर तांबूस डाग उमटवून ठेवतात. असल्या चादरी आम्ही निम्म्या भावात देतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याला दुसरी कुठलीही सबब माझ्याजवळ नाही.

त्या वर्षी रंगकामाऐवजी चित्रं आली. शेठच्या नातीला शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मराठीच, पन्नाशीच्या आसपासच्या. नात त्यांना टीचर म्हणायची, म्हणून शेठ टीचर म्हणायचे, म्हणून आम्ही सगळे. त्या एक दिवस शेठकडे आल्या आणि म्हणाल्या की लोक आर्ट गॅलरीच्या दारापर्यंत येतात, आत कुणी काही विचारेल ह्या भीतीने परत फिरतात. चादर घ्यायला मात्र कुणी घाबरत नाही. तेव्हा माझी चित्रं तुमच्या पलंगांच्या डोक्याशी लावू द्या. विकायची नाहीत, फक्त दाखवायची. शेठनी पक्षातला रिकामा मजला डोळ्यांसमोर आणला असावा. त्यांनी तीन दिवस दिले. पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन. बाईंचं आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन.

मी तयारीला लागलो. मॉडर्न आर्टबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की 'हे काय आहे' असं विचारायचं नसतं, म्हणून हाताखालच्या पोरींना तेवढंच शिकवलं. आदल्या दुपारी टेम्पोतून नऊ फ्रेमा उतरल्या. नऊच्या नऊ मी मोजून घेतल्या आणि प्रत्येकीला मागून तो दारात बीप वाजवणारा टॅग ठोकला. कला कुणाच्या पिशवीतून जाता कामा नये. मग घरी पाहुणे होते म्हणून तासभर लवकर निघालो.

मी गेल्यावर टीचर परत आल्या आणि दहावी वस्तू मधल्या मोठ्या पलंगावर ठेवून गेल्या. घडी घातलेलं कापड, वर चिठ्ठी: 'उघडू नका. मी अकराला येऊन लावते.' सकाळी मी चिठ्ठी वाचली. शेजारी नववी फ्रेम अजून कागदात गुंडाळलेली होती. चिठ्ठी तिचीच, घसरून इकडे पडली असणार, असं ठरवून मी ती उचलली आणि फ्रेमवर व्यवस्थित चिकटवली. नीटनेटकेपणा हा माझा जुना दोष आहे.

सव्वादहाला लिफ्टमधून एक बाई बाहेर आल्या. साठी उलटलेल्या, हातात कापडी पिशवी. पक्षातलं गिऱ्हाईक, तेही सकाळचं पहिलं. मी गुजरातीत सुरुवात केली, त्यांनी माझ्याकडे एकदा बघून मराठीत उत्तर दिलं. उद्या सासऱ्यांचं श्राद्ध, बारा माणसं जेवायला, पंगतीला खाली अंथरायची जुनी चादर नेमकी काल फाटली. नवी घेता येत नाही. जुनी कुठे मिळेल, हे विचारायला त्या नव्या चादरींच्या दुकानात आल्या होत्या. मी जुन्या ठेवत नाही म्हटल्यावर त्या लिफ्टकडे वळल्या.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शेठ तळमजल्यावर बसून कॅमेऱ्यातून चारही मजले बघत असतात.

"बोणी पाछी ना जाय," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तर शेठ दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, आणि बोलले तर माझ्याशीच बोलतात. मी मजल्यावर नजर फिरवली आणि मला मधल्या पलंगावरचं ते कापड दिसलं. जाड, हातमागाचं, मळकट पांढरं. एक घडी उलटली तर आत तांबडा डाग, गोल, कडेला दातेरी. पट्टीचं बक्कल, मी मनात म्हटलं. गोदामवाल्याने इथेच टाकून दिलेली दिसते.

"मावशी, ही डागी आहे. निम्म्यात जाईल."

त्या थबकल्या. डागी म्हणजे नवी धरत नाहीत ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुळीच नाही, डाग पडला की वस्तू वापरलेली झाली. असा आम्ही दोघांनी, पैकी एकानेही पोथी उघडलेली नसताना, शास्त्राचा निर्णय दिला. पण श्राद्धाच्या पंगतीला डाग कसे चालतील? ह्यावर मी जे बोललो ते मला आजही शब्दशः आठवतं, कारण ते नंतर मला तीनदा ऐकवण्यात आलं. मी म्हटलं, गंज आहे, लिंबू आणि मीठ चोळा, उन्हात टाका. एकेक डाग करत बसू नका, सगळ्यांना एकदमच लावा. दुपारपर्यंत पांढरी फेक होईल.

दुसऱ्या एका चादरीच्या बारकोडवर बिल केलं. कापडाला टॅग नव्हता, दारातलं यंत्र गप्प राहिलं. खाली शेठनी मावशींना हात जोडले.

अकराला टीचर आल्या. हातात टाचण्यांचा डबा आणि दोरा. मी त्यांना हौसेने फ्रेमांमागचे टॅग दाखवले. त्यांनी मान हलवली आणि मधल्या पलंगाकडे बघून विचारलं, "भाऊ, माझं कापड आत ठेवलंत का?"

मी त्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं. मी विचारलं, कुठलं कापड. त्यांनी सांगितलं, आणि सांगताना हातांनी हवेत आकार काढले. दोन वर्षं, दोन पावसाळे. वाघोडिया रोडवरच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग तात्पुरते मागून आणले होते. ओल्या कापडावर मांडायचे, व्हिनेगर शिंपडायचं, वर प्लास्टिक टाकायचं, आठवड्यांनी उचलायचे. लोखंडाने स्वतःचा आकार गंजाने कापडावर उमटवायचा. त्या त्याला नुसतं 'कापड' म्हणत. बाकीच्या नऊ फ्रेमा म्हणजे त्या कापडाच्या आधी केलेला सराव, असं त्यांनीच सांगितलं.

मी विचारलं, पुन्हा करता येईल ना तसं. माणूस घाबरला की कसला आधार शोधेल सांगता येत नाही.

"ते भाग भट्टीत गेले. मार्चमध्येच," त्या म्हणाल्या. "का?"

मग मी सांगितलं. विकलं, हे सांगितलं. निम्म्या भावात, हेही सांगितलं. लिंबाचं सांगितलं नाही. त्या ओरडल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसल्या, टाचण्यांचा डबा मांडीवर, आणि म्हणाल्या, पत्ता काढा.

बिलावर मोबाईल नंबर होता, तो निघाला मावशींच्या मुलाचा. मुलगा वाघोडियात कारखान्यात पाळीवर. मागे मशिनांचा आवाज, तो ओरडून बोलत होता आणि त्याला वाटत होतं मीही ओरडावं. घर तरसालीत, सोसायटीचं नाव त्याने सांगितलं, तिसरा मजला. आईला फोन करू नका म्हणाला, ती उचलणार नाही. आत्ताच त्याने केला होता तर तिने शेजारणीकडून निरोप दिला, गच्चीवर आहे, हात लिंबाने भरलेत.

मी फोन ठेवला. टीचर माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, आहेत घरी, चला.

शेठना काय सांगायचं हा प्रश्न होता. त्यांनी स्वतःच विचारलं, कुठे निघालात. टीचर म्हणाल्या, दोरा आणायला. खोटं बोलायची त्यांना सवय नसावी, कारण दोऱ्याचं रीळ त्यांच्या हातातच होतं.

त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या. रस्त्यात नवरात्रीच्या मंडपांचे बांबू उतरत होते, दर फर्लांगाला एक ट्रक आडवा. लालबागच्या अलीकडे सिग्नलला थांबलो. पुढे बस, मागे बस, दोन्ही बाजूंना रिक्षा. इथे त्यांना उतरता येणार नव्हतं, म्हणून मी समोर बघत लिंबाचं सांगितलं. मीठही सांगितलं.  आरशात बघायची माझी हिंमत झाली नाही. सिग्नल हिरवा झाला तेव्हा माझ्या पाठीत रिळाचं टोक लागलं आणि आवाज आला, "चालवा."

तिथून तरसालीपर्यंत मी जी स्कूटर चालवली ती बघून पणजोबांना बरं वाटलं असतं.

तीन जिने आणि वर गच्चीचा चौथा. दार उघडंच. टळटळीत ऊन, आणि फरशीवर ते कापड पूर्ण पसरलेलं, चार कोपऱ्यांवर चार विटा. मी ते पहिल्यांदा उघडं बघितलं. दातेरी चक्रं, लांब दांडे, वाट्यांसारखे गोल, भोकांच्या रांगा. कुठे गडद, जळल्यासारखे, कुठे नुसती पिवळी सावली. एवढं सगळं एका घडीत मावलं होतं आणि मी त्याला बक्कल म्हटलं होतं.

मावशी डाव्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या. पदर खोचलेला, शेजारी मिठाचा डबा, हातात अर्धं लिंबू. डाव्या बाजूचा हातभर रुंदीचा पट्टा ओला होता. त्यात काहीच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं. त्या पुढच्या चक्राच्या पहिल्या दातावर लिंबू टेकवत होत्या.

टीचर गेल्या, वाकल्या आणि त्यांच्या हातातून ते लिंबू काढून घेतलं. हिसकावलं नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसं.

मावशींना वाटलं, सोसायटीची कुणी बाई गच्चीवरून भांडायला आली. मग त्यांना मागे मी दिसलो. मी दम घेत घेत सांगितलं की हे कापड डागी नाही, डागच त्याचा माल आहे. असं कुणालाच समजलं नसतं. त्यांनी माझ्याकडे बोट करून टीचरना सांगितलं, ह्यांनीच म्हटलं, एकेक डाग करत बसू नका, सगळ्यांना एकदमच लावा. मी तरी म्हटलं, एका कडेने घेते. त्यांनी माझं ऐकलं असतं तर तिथे नुसती पंगतीची चादर उरली असती.

टीचर ऐकत नव्हत्या. त्या गुडघ्यांवर बसून त्या पहिल्या दाताकडे बघत होत्या. लिंबाचं पाणी कापडात आपोआप पुढे सरकत होतं. ओली कड बोटभर पुढे आली, आणि तिच्या आतला तांबडा रंग आमच्या डोळ्यांदेखत फिका व्हायला लागला.

"पाणी," त्या म्हणाल्या. "लवकर."

गच्चीच्या नळाला दुपारी पाणी नसतं. मी बादली उचलून खाली धावलो, तिसऱ्या मजल्यावरच्या उघड्या दारातून आत शिरलो आणि मोरीतला नळ सोडला. बाहेरच्या खोलीत एक काका पेपर वाचत होते. परका माणूस आपल्या घरात बादली भरतोय, ह्यावर त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि विचारलं, कुठे लागलीय? मी म्हटलं, आग नाही, लिंबू. ते उठून माझ्या मागे आले.

मी पाणी ओततो तोच त्यांनी माझं मनगट धरलं. लोखंडावरचं ॲसिड पाण्याने पसरतं, थांबत नाही, असं म्हणाले आणि बायकोला, म्हणजे मावशींना, खायचा सोडा आणायला पिटाळलं. पुढची दहा मिनिटं आम्ही चौघं काय करत होतो ते खालून कुणी बघितलं असतं तर श्राद्धाचाच काही विधी म्हणाला असता. टीचर आणि मावशी कापडाची ओली कड उचलून धरून, काका सोड्याचं पाणी वाटीने सोडताहेत, मी बादल्या घेऊन जिने चढतो-उतरतो. सात खेपा झाल्या. सातव्या खेपेला वर आलो तेव्हा तिघंही ओल्या कडेकडे बघत उभी होती. पसरणं थांबलं होतं. पट्टा गेला होता, त्या चक्राचे दोन दात गेले होते. बाकीचं होतं.

टीचर गेलेल्या पट्ट्याकडे बघत म्हणाल्या की तिथे पहिला भाग होता. अगदी पहिला मांडलेला. लेथवर वस्तू पकडून ठेवणारा चक, तीन जबड्यांचा. तो कशाशी खातात हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं, भंगारवाल्याने नाव सांगितलं होतं.

काकांनी विचारलं, केवढा. टीचरनी दोन्ही हातांनी दाखवला. काकांनी त्यांच्या हातांमधलं अंतर बघितलं आणि म्हणाले, आठ इंची. मग चपला काढून ते कापडाच्या कडेकडेने चालायला लागले. ते मकरपुऱ्याच्या कारखान्यात फिटर होते, एकतीस वर्षं, हे मावशींनी मला हळूच सांगितलं. ते एकेका डागाशी थांबत आणि स्वतःशीच बोलल्यासारखं नाव घेत. चेंज गिअर. हा व्ही-बेल्टची पुली. हा बेअरिंगचा बाहेरचा रेस, आतला कुठे गेला? एका जागी खाली बसले, दात मोजले, परत मोजले आणि टीचरना म्हणाले की हे वर्म व्हील घासलेलं आहे, ह्या एका बाजूलाच, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं तेल न घालता चालवलं. टीचरनी कबूल केलं की त्यांना ती बाजू फिकी आली म्हणून वाईट वाटलं होतं, त्यांना वाटलं व्हिनेगर कमी पडलं.

एक वाजून गेला होता. मला पाचची घाई. सगळं निवळलंय असं समजून मी माझ्या धंद्यातला आवाज काढला. म्हटलं, मावशी, तुमचे पैसे परत, वर दोन नव्या कोऱ्या चादरी माझ्याकडून. मावशी म्हणाल्या, नवी चालत नाही म्हणून तर आले होते. आणि काका तिथूनच, बसल्या बसल्या म्हणाले, "परत कशाला? घेतलंय आम्ही."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी मावशींकडून बिल मागून घेतलं, चष्मा खाली घेऊन पूर्ण वाचलं, मागची बाजूसुद्धा. मागच्या बाजूला आमच्या दुकानाने ठळक छापलंय की एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ते वाक्य त्यांनी मला वाचून दाखवलं.

टीचर म्हणाल्या, "ते माझं आहे. ह्यांना विकायचा हक्कच नव्हता."

"असेल," काका म्हणाले. "ते तुमचं आणि दुकानाचं. आम्ही पैसे मोजून आणलं."

मी मध्ये पडलो आणि प्रकरण आणखी बिघडवलं. म्हटलं, काका, ह्याची किंमत तुम्हाला माहीत नाही. ते एकदम उठले. म्हणाले की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाने सकाळी ज्याला डाग म्हटलं, त्याची किंमत दुपारी त्याने मला शिकवू नये. मावशींनी मान खाली घातली. शेजारच्या गच्चीवर वाळवण घालणारी बाई हात थांबवून बघायला लागली.

टीचरना भांडता आलं असतं. शेठना बोलावता आलं असतं, पोलिसांत जाता आलं असतं, आणि पाच वाजले असते. त्यांनी शेवटी एकच विचारलं, काका ह्याचं काय करणार.

"बघणार," काका म्हणाले. "अजून अर्धं राहिलंय."

मग त्यांनीच तोड सांगितली. तीन दिवस तुमचे. लोकांना दाखवा. चौथ्या दिवशी इथे आणून द्यायचं. टीचरनी गेलेल्या पट्ट्याकडे पाहिलं, राहिलेल्या कापडाकडे पाहिलं आणि बरं म्हणाल्या. मी म्हटलं, टीचर, विचार करा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी विटा उचलायला लागलो.

ओलं कापड पोत्यासारखं जड होतं. टीचरनी ते मागे बसून दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि त्याचं पाणी माझ्या पाठीवरून सीटवर उतरत राहिलं. दुकानात शिरताना शेठनी आमच्या दोघांकडे बघून विचारलं, दोरा मिळाला? पुढचे दोन तास सहा पंखे आणि पडद्यांची वाफेची इस्त्री, तीही कापडाला न टेकवता वरून धरलेली. पाचला सात मिनिटं असताना ते मधल्या पलंगावर चढलं, अजून दमट. पांढरा पट्टा भिंतीकडे करू का, मी विचारलं. त्यांनी तो जिन्याच्या बाजूला केला, येणाऱ्याला पहिला दिसेल असा.

उद्घाटनाचं मोठं काही सांगण्यासारखं नाही. शेठनी नारळ फोडला. लोक आले, काही चित्रं बघायला, बरेचसे एसीत बसायला. एका गृहस्थांनी कापडाकडे पाहत पाच मिनिटं काढली आणि मग खालच्या गादीचा भाव विचारला. दोन कॉलेजच्या पोरी पट्ट्याशी उभ्या राहून बोटांनी हवेत काहीतरी गोल काढत होत्या. टीचर माझ्याशी बोलत नव्हत्या. सकाळी मी भाऊ होतो, आता मला नाव नव्हतं. "ते जरा सरकवा," एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या घरच्या दोन धुतलेल्या जुन्या चादरी तरसालीत पोहोचवल्या, श्राद्धाच्या पंगतीसाठी. बायको म्हणाली, दुकानदाराच्या घरातून चादरी बाहेर जाताना पहिल्यांदा बघतेय.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या एका गॅलरीचे गृहस्थ आले. कुणीतरी फोटो पाठवला होता. त्यांनी नऊ फ्रेमांसमोरून फेरी मारली आणि कापडापाशी खुर्ची मागवली. पुढच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांना ते हवं होतं, पांढऱ्या पट्ट्यासकट, किंबहुना त्या पट्ट्यासाठीच. माझ्या कानावर जे पडत होतं त्यावरून टीचरच्या बाकीच्या आयुष्याची वाट तिथे गादीवर ठरत होती. त्या म्हणाल्या, उद्या सांगते.

ते गेल्यावर शेठ वर आले. त्यांना आता सगळं कळलं होतं. त्यांनी आपल्या परीने तोडगा काढला: गोदामात डागी चादरी ढीगभर आहेत, एक मोठी बघून तरसालीला पाठवा. म्हातारबुवांना काय कळणार. मी, ज्याने दोन दिवसांपूर्वीच ह्या विषयात तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हटलं, खरंच टीचर, त्यांना काय कळणार.

त्या म्हणाल्या, "ते दात मोजतात."

रात्रभर मला वाटत राहिलं की सकाळी त्या येणारच नाहीत, कापड घेऊन सरळ मुंबईची गाडी पकडतील, आणि पकडली तर मी त्यांना दोष देऊ शकणार नाही. स्टेशन तर समोरच होतं. पण नऊ वाजता त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या, कापड नळीवर गुंडाळलेलं, जुन्या साडीत बांधलेलं. म्हणाल्या, काढा स्कूटर. मुंबईला काय कळवलं ते मी विचारलं नाही.

काकांनी भिंत रिकामी केली होती. देवघराच्या बाजूचं कॅलेंडर, मुलाच्या लग्नाचा फोटो, सगळं हलवलं होतं. खिळे आधीच मारलेले, पाणसळ लावून. टीचर, काका, मावशी आणि मी, चौघांनी ते चढवलं. काकांनी खुर्ची ओढली आणि त्या दिवशी गच्चीवर राहिलेल्या अर्ध्यापासून बघायला सुरुवात केली.  मावशींनी चहा केला, टीचरनी तो पूर्ण प्यायला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि यायला जरा वेळ लावला. मग वळूनही न बघता चपला घातल्या.

खाली मी स्कूटर सुरू केली. त्या बसल्या नाहीत.

"त्या भिंतीच्या मागे मोरी आहे," त्या म्हणाल्या. "हात लावून बघितला मी. ओल आहे. एका पावसाळ्यात जाईल सगळं."

मी म्हटलं, मग चला वर, सांगू.

"मी नाही. तुम्ही जा."

मी तीन जिने परत चढलो. दार अजून उघडंच होतं. काका खुर्चीतच होते. मी सांगितलं, ही भिंत नको, समोरची घ्या, ओल आहे. आता ते मला काय ऐकवतात ह्याची वाट बघत मी उंबऱ्यातच उभा राहिलो. ते उठले, कापडाची कड किंचित उचलून भिंतीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला, ताप बघतात तसा. मग स्टूल घेतलं, पक्कड घेतली आणि पहिला खिळा काढायला लागले.

"हे टोक धरा," ते मला म्हणाले. "जमिनीला टेकू देऊ नका."